मोबाइलवरचा इंटरप्रिटर आणि त्याची मेमरी: किनाऱ्यावर ॲप बनवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्णैच्या लिलावाची नोंद, देवगडच्या आंबापेट्यांचा हिशेब, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बोटीच्या डिझेल-बर्फाचा खर्च. कोकणात अशा कामांची ॲप बनवताना पुष्कळजण त्यात लुआ, जावास्क्रिप्ट किंवा पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचत वाचत चालवणारा प्रोग्रॅम, बसवतात. ॲप स्वतःच्या नव्या फोनवर झकास चालतं आणि बंदरावर गेल्यावर मधेच नाहीसं होतं. त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वाचणाऱ्याला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं असं धरलं आहे.

मुळात इंटरप्रिटर कशाला हवा? सगळं कोटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नेहमीच्या भाषेत, लिहिलं तर हा प्रश्नच उरणार नाही.

हिशेबाचे नियम कायमचे ठरलेले असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण दलालीचा टक्का बंदरागणिक वेगळा असतो, पेटीत किती डझन धरायचे ते आंब्याच्या आकारावर ठरतं, आणि मासेमारीबंदीच्या तारखा सरकारी आदेशाने येतात. दर बदलाला अख्खं ॲप नव्याने उतरवा म्हटलं, तर डोंगराआड एक दांडी सिग्नल असलेला माणूस ते कधीच उतरवणार नाही. दहा केबीची स्क्रिप्ट मात्र त्याच सिग्नलवर सहज येते.

प्ले स्टोअरच्या धोरणातही याला जागा आहे. बाहेरून मशीन कोड किंवा डेक्स फाइल (अँड्रॉइडचा तयार कोड) आणून चालवायला बंदी आहे, पण इंटरप्रिटरच्या आत चालणाऱ्या आणि अँड्रॉइडच्या सुविधांपर्यंत थेट न पोचणाऱ्या स्क्रिप्टला ती लागू होत नाही. अर्थात स्टोअरचे बाकीचे नियम त्या स्क्रिप्टनेही पाळायचे असतात.

मेमरी संपली की नेमकं काय होतं? ‘ॲप क्रॅश झालं’ असा संदेश तर येत नाही.

येत नाही, कारण ॲप क्रॅश झालेलंच नसतं. त्याला सिस्टिमने बंद केलेलं असतं.

प्रत्येक प्रोसेस किती महत्त्वाची ते सांगणारा एक क्रमांक अँड्रॉइड तिला देत असतं. समोर दिसणारं ॲप सगळ्यात महत्त्वाचं, मागे गेलेलं कमी. रॅम कमी पडू लागली की आधी फारशी न वापरलेली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) रॅममध्येच दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवली जातात. तेवढ्याने भागलं नाही तर लो मेमरी किलर मागच्या प्रोसेस एकेक करून संपवतो. त्यात न संदेश, न इशारा.

आता बंदरावरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लिलाव रंगात आहे, तुमच्या ॲपमध्ये बोली लिहिली जाते आहे, आणि पापलेटची पाटी मुंबईच्या व्यापाऱ्याला दाखवायला तांडेल (बोटीचा म्होरक्या) कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते. २ जीबीच्या फोनवर त्या क्षणी मागे गेलेलं आणि अंगाने मोठं असं एखादं ॲप जातं, आणि ते तुमचं असू शकतं. फोटो पाठवून तांडेल परत येतो तेव्हा समोर पहिला स्क्रीन असतो आणि शेवटच्या चार बोली गायब असतात. त्या चार बोली म्हणजे कुणाच्या तरी दिवसभराच्या मेहनतीचे पैसे आहेत. म्हणून मेमरीचं काम मी शोभेचं काम मानत नाही.

मेमरी कमी पडतेय हे ॲपला आधी कळत नाही का?

पूर्वी बऱ्यापैकी कळायचं. ॲप समोर असताना ‘मेमरी कमी’, ‘फारच कमी’ असे टप्प्याटप्प्याचे निरोप ऑन-ट्रिम-मेमरी या कॉलबॅकमधून येत. अँड्रॉइड १४ पासून त्यातले बहुतेक निरोप येणं बंद झालं. ‘तुमचा स्क्रीन आता दिसत नाही’ आणि ‘तुम्ही मागच्या रांगेत गेलात’ हे दोन तेवढे भरवशाचे राहिले. तेव्हा आवराआवर स्क्रीन झाकला जाताक्षणीच करायची. पुढच्या इशाऱ्याची वाट पाहत बसू नये.

आमची मेमरी किती हे मोजायचं कसं? प्रत्येक साधन वेगळाच आकडा दाखवतं.

ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आरएसएस म्हणजे तुमच्या प्रोसेसला रॅममध्ये दिसणारं सगळं. त्यात इतर ॲपशी वाटून घेतलेल्या लायब्रऱ्याही पूर्णच्या पूर्ण धरल्या जातात. पीएसएसमध्ये वाटून घेतलेल्या भागाचा तुमच्या वाट्यापुरता हिस्सा येतो. मी मात्र सगळ्यात आधी ‘प्रायव्हेट डर्टी’ पाहतो. ही फक्त तुमची आणि तुम्ही लिहून बदललेली पानं. एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) शेलमध्ये डंपसिस मेमइन्फो ही आज्ञा ॲपच्या पॅकेजनावासकट दिली की हे सगळे आकडे एका तक्त्यात मिळतात.

त्या तक्त्यात इंटरप्रिटरचं खाणं कुठे दिसतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. लुआ आणि क्विकजेएस (जावास्क्रिप्टचं एक छोटं इंजिन) सी भाषेच्या मॅलॉक या फंक्शनने जागा घेतात, त्यामुळे ती ‘नेटिव्ह हीप’च्या (सी कोडने चालताना घेतलेल्या मेमरीच्या) ओळीत येते. जावा हीपची (जावा-कोटलिन भागाच्या मेमरीची) ओळ पाहून ‘आमचं तर सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्याची गाठ पुढे लो मेमरी किलरशी पडते, कारण तो असा भेद करत नाही.

बाहेरच्या आकड्याच्या जोडीला आतलाही आकडा घ्या. लुआत कलेक्टगार्बेज या फंक्शनला ‘काउंट’ दिलं की वापरातली मेमरी केबीमध्ये मिळते. क्विकजेएसमध्ये मेमरीचा हिशेब देणारं सी फंक्शन आहे. पायथॉनमध्ये ट्रेसमॅलॉक आहे, पण ते स्वतःच बरीच मेमरी घेतं, म्हणून तपासापुरतंच चालू करावं. आतला आकडा उतरतोय आणि बाहेरचा तिथेच आहे असं दिसलं, तर खालचा ‘जागा सोडली तरी आकडा उतरत नाही’ हा प्रश्न वाचा.

‘डर्टी’ पानांवर एवढा भर का?

बचतीची बहुतेक वाट तिथूनच जाते, म्हणून.

कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरी पानांत मोजतो. फाइलमधून जशीच्या तशी वाचलेली आणि कुणी न बदललेली पानं स्वच्छ. बंदरावर चिकटवलेला छापील भरतीचा तक्ता कुणी फाडला तर दुसरा आणून लावता येतो, पण लिलावात पाटीवर खडूने लिहिलेले भाव पुसले तर ते दुसरीकडे कुठेच नसतात. स्वच्छ आणि मळलेल्या पानात हाच फरक आहे. स्वच्छ पान कर्नल हवं तेव्हा टाकून देतो आणि लागलं की फाइलमधून पुन्हा आणतो. मळलेलं पान टाकता येत नाही. ते दाबून ठेवा, नाहीतर प्रोसेसच मारा, एवढेच दोन मार्ग त्याच्याकडे असतात.

फेसबुकने २०१९ साली खुलं केलेलं हर्मिस हे इंजिन याच विचारावर उभं आहे. जावास्क्रिप्टचा बाइटकोड (इंटरप्रिटरला थेट वाचता येईल असं रूप) ॲप बांधतानाच तयार होतो, फोनवर ती फाइल मेमरी-मॅप केली जाते, म्हणजे लागेल तेवढीच थेट फाइलमधून मेमरीत येते, आणि बाइटकोडची पानं स्वच्छ राहतात. जे फंक्शन कधी चाललंच नाही त्याचं पान रॅममध्ये येतही नाही. रिॲक्ट नेटिव्हने (जावास्क्रिप्टमध्ये ॲप बनवण्याची चौकट) २०२२ मध्ये, ०.७० या आवृत्तीपासून, वेगळं काही न सांगता मिळणारं इंजिन म्हणून हर्मिसच ठेवलं.

इथे एक अट सांभाळा. मॅप करायची फाइल एपीकेमध्ये (ॲप ज्या फाइलीतून फोनवर उतरतं तिच्यात) दाबलेली असेल तर ती आधी मेमरीत उलगडावी लागते, आणि उलगडलेली प्रत मळलेल्या पानांवरच बसते. अशा फाइली न दाबता ठेवण्याची सूचना बिल्डमध्ये द्यावी. एपीके थोडं फुगतं, पण रॅम वाचते. किनाऱ्यावरच्या फोनांसाठी हा सौदा मी डोळे मिटून करेन.

मग लुआची स्क्रिप्टही आधीच बाइटकोड करून द्यावी का?

द्या, पण फायदा कुठे होतो ते ओळखून. लुआ बाइटकोडची फाइल मॅप करत नाही. ती वाचून हीपवर पुन्हा ऑब्जेक्ट बनवतं, म्हणजे पानं मळतातच. पायथॉनच्या पायसी (बाइटकोडच्या) फाइलींचंही तसंच. कंपाइल करताना क्षणभर लागणारी जास्तीची मेमरी तेवढी वाचते. लुआत खरी बचत होते ती डिबगची माहिती काढून टाकल्याने. ओळींचे क्रमांक आणि स्थानिक व्हेरिएबलांची नावं गेली की फंक्शनं बरीच हलकी होतात. मात्र मग चूक आली की ओळ क्रमांक मिळत नाही, म्हणून मूळ फाइल आवृत्तीसकट जपून ठेवा. आणि बाहेरून आलेला लुआ बाइटकोड तपासणी न करता चालवू नका. चुकीचा बाइटकोड इंटरप्रिटरच कोसळवू शकतो, आणि त्याची शहानिशा लुआ स्वतः करत नाही.

एक साधा आकडा साठवायला किती जागा लागते?

या प्रश्नापाशी थोडं थांबू, कारण हिशेब मांडून पाहिल्याशिवाय यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सी भाषेत छोटा पूर्णांक दोन किंवा चार बाइटचा. ६४ बिटच्या सीपायथॉनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथॉनमध्ये, तोच छोटा पूर्णांक २८ बाइटचा ऑब्जेक्ट असतो, आणि यादीत ठेवला तर त्याच्याकडे बोट दाखवणारे ८ बाइट वेगळे. लुआ ५.४ मध्ये यादीतली प्रत्येक किंमत १६ बाइट घेते: ८ बाइट मजकूर, १ बाइट प्रकाराची खूण, बाकी रिकामी सोडलेली जागा. लुआजिट (लुआची वेगवान आवृत्ती) तेच सगळं दशांश संख्येच्या न वापरल्या जाणाऱ्या बिटांत कोंबून ८ बाइटांत बसवतं. क्रोमच्या व्ही८ इंजिनाने ८० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० मध्ये, पॉइंटर ८ वरून ४ बाइटवर आणले. त्याने हीप ४३ टक्क्यांपर्यंत उतरल्याचं त्या चमूनेच प्रसिद्ध केलं आहे.

आता भरतीचा तक्ता घ्या. आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. चांद्रदिवस २४ तास ५० मिनिटांचा असल्याने वर्षाच्या साधारण १४०० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत वेळ आणि पाण्याची उंची. लुआत सहज सुचेल तसं लिहिलं, तर प्रत्येक नोंद म्हणजे दोन नावांचं एक टेबल. लुआ ५.४ मध्ये टेबलाचा सांगाडा ५६ बाइट, आतल्या दोन जोड्यांचे ४८, बाहेरच्या यादीतली जागा १६. झाले १२० बाइट. १४०० नोंदींचे १,६८,००० बाइट, आणि मॅलॉकचा वरखर्च आणखी वेगळा.

तोच तक्ता एका स्ट्रिंगमध्ये भरा. मागच्या नोंदीपासून किती मिनिटं गेली ते २ बाइटमध्ये, उंची सेंटीमीटरमध्ये २ बाइटमध्ये. नोंदीला ४ बाइट, वर्षाला ५,६०० बाइट. मिरकरवाडा, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी दहा बंदरं घेतलीत तर एका बाजूला सोळा-सतरा लाख बाइट आणि दुसऱ्या बाजूला ५६ हजार. लुआ ५.३ पासून स्ट्रिंग-पॅक आणि स्ट्रिंग-अनपॅक आहेतच, त्यामुळे बाहेरची लायब्ररीही लागत नाही. आजची भरती किती वाजता हे काढायला शेकडो बेरजा कराव्या लागतील, पण फोनला त्या जाणवणारसुद्धा नाहीत.

पायथॉनमध्ये हेच काम ॲरे मॉड्यूलने होतं. नोंदींसाठी क्लास वापरत असाल तर त्यात स्लॉट्स लिहा, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची डिक्शनरी मिळत नाही.

आमचा सगळा मजकूर मराठीत आहे. त्याने मेमरी वाढते का?

वाढते. मराठी मजकूर काढून टाकणं हा त्यावरचा उपाय अजिबात नाही. पापलेट विकणाऱ्या मावशीला ‘पॉम्फ्रेट’चा इंग्रजी कोड दाखवण्यात काही अर्थ नाही. वाढ कुठे होते ते समजून घेतलं तर ती आवरता येते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा. ‘बांगडा’ दिसायला तीन अक्षरांचा, पण खुणा सहा, म्हणजे १८ बाइट. जावास्क्रिप्टची इंजिनं आतून वेगळं करतात: अख्खी स्ट्रिंग लॅटिन अक्षरांची असेल तर खुणेला १ बाइट, नाहीतर सगळ्या स्ट्रिंगला २. तिथे ‘बांगडा’ १२ बाइटचा. सीपायथॉन ३.३ पासून १, २ किंवा ४ बाइट अशा तीन पायऱ्या आहेत, आणि पायरी ठरते ती स्ट्रिंगमधल्या सगळ्यात मोठ्या खुणेवरून. हजार इंग्रजी अक्षरांच्या अहवालात एक मराठी शब्द आला की तो दुप्पट होतो. त्यातच कुणी माशाचं इमोजी टाकलं की चौपट. म्हणून लांब मजकूर एकाच स्ट्रिंगमध्ये जोडत नेऊ नका. ओळी वेगळ्या ठेवा आणि दाखवायच्या वेळी जोडा.

लुआत आणखी एक बारकावा आहे आणि तो नेमका आपल्यालाच लागतो. लुआ ४० बाइटपर्यंतच्या स्ट्रिंगची एकच प्रत ठेवतं. तेच नाव हजार वेळा आलं तरी जागा एकदाच. इंग्रजीत ४० बाइट म्हणजे ४० अक्षरं. देवनागरीत जेमतेम १३ खुणा. ‘रत्नागिरी मिरकरवाडा’ हे नाव ५५ बाइटचं आहे, म्हणजे ही सवलत त्याला नाही. सर्व्हरकडून आलेल्या प्रत्येक नोंदीत ते नाव असेल तर वाचताना दर वेळी नवी प्रत बनते, आणि एकेका प्रतीला ८० बाइट लागतात. बंदरांची आणि माशांची नावं एका यादीत एकदाच ठेवून नोंदीत फक्त क्रमांक लिहिला की हे थांबतं.

व्ही८ वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मोठ्या स्ट्रिंगमधून कापलेला लांबसा तुकडा मूळ स्ट्रिंगकडेच बोट दाखवत राहतो. तुम्ही अर्ध्या एमबीच्या उत्तरातून एक ओळ जपून ठेवलीत, तर मागे अर्धा एमबीही जपला जातो.

गार्बेज कलेक्टरचे आकडे बदलून फरक पडतो का?

पडतो, पण आधीच्या दोन उत्तरांतलं काम झाल्यावर. कलेक्टर म्हणजे न लागणारी ऑब्जेक्ट वेचून जागा मोकळी करणारा भाग. कचराच कमी केला तर कलेक्टरला हात लावायची गरज पुष्कळदा उरत नाही.

लुआ ५.४ मध्ये ‘पॉज’ची मूळ किंमत २०० आहे. मागच्या सफाईनंतर जेवढी मेमरी उरली तिच्या दुप्पट होईपर्यंत पुढची सफाई सुरू होत नाही, असा त्याचा अर्थ. खरा माल ४ एमबी असेल तर कचऱ्यासह ८ एमबीपर्यंत जाणारच. किंमत १२५-१५० च्या आसपास आणली की शिखर खाली येतं, पण सफाई वारंवार होते आणि बॅटरी जाते. समुद्रावर चार्जिंगची सोय जपून वापरावी लागते, तेव्हा १०० च्या अगदी जवळ नेऊ नका. स्क्रीन झाकला गेला की एक पूर्ण सफाई करा. त्या वेळी कुणी अडकून बसलेलं नसतं आणि तुमचं अंग हलकं होतं. लुआ ५.४ मध्ये पिढ्यांवर आधारलेली पद्धतही आहे. क्षणभंगुर ऑब्जेक्ट खूप बनत असतील तर ती चालू करून मोजून बघा.

क्विकजेएस आणि सीपायथॉन संदर्भ मोजतात, त्यामुळे शेवटचा संदर्भ गेला की जागा लगेच मोकळी होते. एकमेकांना धरून बसलेली ऑब्जेक्ट तेवढी मागे राहतात. बोट तिच्या फेऱ्या ओळखते, फेरी तिच्या बोटीला ओळखते, अशी रचना केलीत की हेच होतं. एका बाजूने क्रमांक ठेवा, प्रश्न मिटतो.

जागा सोडली तरी आकडा उतरत नाही. गळती आहे का?

बहुतेक वेळा गळती नसते, विखुरलेपण असतं. सीपायथॉन ५१२ बाइटपर्यंतच्या ऑब्जेक्टसाठी मोठे गठ्ठे घेतं. हा गठ्ठा पूर्वी २५६ केबीचा होता, ३.१० पासून १ एमबीचा. गठ्ठ्यात एक जरी ऑब्जेक्ट जिवंत असलं तरी अख्खा गठ्ठा अडकतो. मॅलॉकसुद्धा मोकळी झालेली पानं पुढच्या वेळेसाठी स्वतःकडे राखतं. अँड्रॉइड ९ पासून मॅलॉप्ट या फंक्शनला एम-पर्ज सांगितलं की अशी राखीव पानं परत जातात. पूर्ण सफाईनंतर लगेच ते सांगावं.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे कामापुरता इंटरप्रिटर. हंगामाचा अहवाल, मोठी आयात अशी अवजड पण क्वचितची कामं वेगळ्या लुआ स्टेटमध्ये (इंटरप्रिटरच्या स्वतंत्र प्रतीत) चालवा आणि काम झालं की ती स्टेटच बंद करा. तिच्यातलं सगळं एकदम सुटतं. मूळ लायब्रऱ्यांसह रिकामी लुआ स्टेट वीस-पंचवीस केबीच्या घरात असते, म्हणून हे परवडतं. पायथॉनमध्ये हाच उपाय एवढा स्वस्त नाही.

मग निवडायचा कोणता?

नियम, सूत्रं, छोटे हिशेब यांसाठी माझं मत लुआकडे आहे. १९९३ पासून रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात वाढलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत राहण्यासाठीच बनली आहे. चमूला जावास्क्रिप्टच येत असेल तर फॅब्रिस बेलार्ड यांचं क्विकजेएस छोटं आणि नेटकं आहे. पूर्ण ॲपच रिॲक्ट नेटिव्हमध्ये असेल तर हर्मिस आपोआप मिळतंच. पायथॉन ३.१३ पासून अँड्रॉइड आणि आयओएसला अधिकृत पाठिंबा आहे, पण दलालीचा टक्का काढायला पायथॉनचा सगळा संसार फोनवर मांडू नये.

जिट चालू केलं तर?

जिट म्हणजे चालता चालता बाइटकोडचा मशीन कोड बनवणं. त्याने वेग वाढेल आणि मेमरीही वाढेल. मशीन कोड बाइटकोडपेक्षा कितीतरी मोठा असतो. व्ही८ चा इग्निशन इंटरप्रिटर २०१६ मध्ये कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनांसाठी आला, त्याचं कारण हेच. त्याचा बाइटकोड साध्या मशीन कोडच्या निम्मा ते पाव होता. हिशेबाच्या ॲपला जिट नको.

आयफोनचं काय?

तिथे साध्या ॲपला जिट वापरताच येत नाही, म्हणून इंटरप्रिटर नुसताच चालतो. पानं १६ केबीची असतात. मेमरी जास्त झाली की जेटसॅम (तिथला लो मेमरी किलर) प्रोसेस संपवतो आणि त्यातही मोजली जातात ती मळलेली व दाबलेली पानंच. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं तिथेही लागू आहे.

अँड्रॉइडवरही १६ केबीची पानं आली, त्याने काय बदलतं?

अँड्रॉइड १५ पासून तशी सोय आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲप व अपडेटना प्ले स्टोअरवर ते पाठबळ बंधनकारक झालं. इंटरप्रिटरची नेटिव्ह लायब्ररी त्या मापात जुळवून पुन्हा बांधा. पान मोठं झाल्याने एका बाइटला हात लावला तरी १६ केबी मळतात, म्हणून सतत बदलणारा आणि कधीच न बदलणारा मजकूर शेजारी ठेवू नका.

मेनिफेस्टमध्ये ‘लार्ज हीप’ लिहिलं की काम होईल असं कुणी सांगितलं.

ती मर्यादा जावा हीपची. तुमच्या इंटरप्रिटरचा तिच्याशी संबंध नाही.

उलट मर्यादा खाली आणा. लुआत स्टेट बनवताना स्वतःचं जागावाटपाचं फंक्शन देता येतं. त्यात वापर मोजा आणि ठरलेल्या आकड्यापुढे नकार द्या. क्विकजेएसमध्ये मर्यादा घालणारं तयार फंक्शन आहे. मग एखादी स्क्रिप्ट भरकटली तर तिच्यातच ‘मेमरी पुरत नाही’ अशी चूक उठते, ती पकडता येते, आणि बाकीचं ॲप जिवंत राहतं.

वापरणारे फोनमध्ये रॅम साफ करणारी ॲप टाकतात. त्यांना काय सांगू?

काढून टाका म्हणून सांगा, आणि का ते समजावून सांगा. अशी ॲप मागच्या प्रोसेस बंद पाडतात. त्या प्रोसेस पुन्हा शून्यातून उठतात, आणि त्यात वेळ व बॅटरी दोन्ही जातात. मोकळी रॅम पडून राहण्यात फोनचा काहीच फायदा नसतो.

एवढं करूनही प्रोसेस मारली गेली तर?

जाईलच कधीतरी. म्हणून बोली इंटरप्रिटरच्या व्हेरिएबलमध्ये साठवायची नाही. ती उच्चारली गेली की त्याच क्षणी एसक्यूलाइट या फोनवरच्या डेटाबेसमध्ये लिहायची, आणि स्क्रीनवर बरोबरची खूण लिहून झाल्यावरच दाखवायची. एसक्यूलाइटची पानांची कॅश मुळात सुमारे २ एमबीपर्यंत जाऊ शकते. एवढ्या छोट्या डेटाबेसला तिचा चौथा हिस्साही पुरेल, तो आकडा कमी करा.

चाचणी कोणत्या फोनवर करावी?

ज्यांच्यासाठी ॲप आहे त्यांच्या हातात असतो तसल्या फोनवर. २ किंवा ३ जीबी रॅमचा, काही वर्षं वापरलेला, व्हॉट्सॲपच्या फोटोंनी भरलेला फोन मिळवा. त्यावर लिलावाची नोंद सुरू करा, कॅमेरा उघडा, चार फोटो काढा, पाठवा, परत या. नुसता योग येण्याची वाट पाहू नका: ॲप मागे टाकून एडीबीवरून एएम किल ही आज्ञा दिली की सिस्टिमने मारल्यासारखीच प्रोसेस जाते. परत उघडल्यावर शेवटची बोली, निवडलेलं बंदर आणि अर्धवट भरलेला रकाना जागच्या जागी आहेत का ते बघा. हे लिलावाच्या प्रत्येक पायरीवर करा, प्रत्येक पायरीला प्रायव्हेट डर्टीचा आकडा लिहून ठेवा, आणि पुढच्या आवृत्तीत तो वाढला तर कारण सापडल्याशिवाय ती आवृत्ती बाहेर सोडू नका. या कामाला मासेमारीबंदीचे दोन महिने सोयीचे पडतात: बोटी किनाऱ्याला असतात, खलाशांना बसून ॲप हाताळायला सवड असते, आणि बोटी पुन्हा पाण्यात जाण्याआधी दुरुस्त आवृत्ती त्यांच्या फोनवर पोचवता येते.